लीजन फील्ड सोडताना: बर्मिंगहॅमच्या यूएबी संघाचं प्रकरण

२ ऑक्टोबर २०२१ रोजी यूएबीचा फुटबॉल संघ नव्या कोऱ्या स्टेडियममध्ये पहिल्यांदा उतरला आणि लिबर्टी विद्यापीठाकडून ३६-१२ असा हरला. त्याआधी ज्या लीजन फील्डला सगळे नावं ठेवत होते, जे जुनं, मोडकळीला आलेलं आणि कॉलेजपासून लांब म्हणून सोडलं, तिथे हाच संघ सलग २१ सामने जिंकला होता. मग स्टेडियम बदललं ते नेमकं कशासाठी? कॉलेजच्या संघाने शहराचं जुनं मैदान सोडण्याची अमेरिकेत कितीतरी उदाहरणं आहेत. त्यातलं मला सगळ्यात बोलकं वाटतं ते हे, कारण इथे काँक्रीटच्या वयाआड एक वेगळाच प्रश्न दडलेला होता: संघाने कुठे खेळायचं हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

यूएबी म्हणजे अलाबामा विद्यापीठाची बर्मिंगहॅममधली शाखा. १९६९ मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. बर्मिंगहॅम हे मूळचं पोलादाचं शहर. भट्ट्या थंडावत गेल्या तसतशी या विद्यापीठाची वैद्यकीय शाळा आणि रुग्णालय वाढत गेलं आणि आज शहरात सर्वांत जास्त लोकांना नोकरी देणारी हीच संस्था आहे. मात्र कारभार स्वतःच्या हातात नाही. टस्कालूसा, बर्मिंगहॅम आणि हंट्सव्हिल या तिन्ही विद्यापीठांवर एकच विश्वस्त मंडळ आहे, आणि टस्कालूसाचा फुटबॉल संघ म्हणजे त्या राज्याचं दैवत. (फुटबॉल म्हणजे इथे अर्थातच हेल्मेट घालून खेळतात तो अमेरिकन फुटबॉल.) अलाबामात शनिवारी माणूस कोणत्या संघाच्या बाजूने बसतो यावर त्याची ओळख ठरते. अशा राज्यात बर्मिंगहॅमच्या पोरांनी १९८९ मध्ये क्लब म्हणून खेळायला सुरुवात केली, १९९१ मध्ये ते सर्वांत खालच्या अधिकृत गटात आले आणि १९९६ पर्यंत सर्वोच्च गटात. झपाट्याने झालेल्या या वाढीत स्वतःचं मैदान मात्र कधीच झालं नाही. सामने लीजन फील्डवर व्हायचे आणि लीजन फील्ड शहराचं होतं.

म्हातारीचा थाट

लीजन फील्ड १९२७ मध्ये उघडलं तेव्हा तिथे २१ हजार माणसं बसत. पुढे दर काही वर्षांनी बाकं वाढत गेली. १९६१ मध्ये पूर्वेकडे वरचा सज्जा चढवला, त्यात ९,००० जागा. शेवटी क्षमता ८३ हजारांवर गेली आणि सज्जाच्या कठड्यावर या शहराला दक्षिणेची फुटबॉल राजधानी म्हणणारी अक्षरं झळकू लागली. ती बढाई नव्हती. अलाबामा (म्हणजे टस्कालूसाचा संघ) आणि राज्यातलंच दुसरं विद्यापीठ ऑबर्न यांच्यातली वर्षातली सर्वांत मोठी लढत, आयर्न बोल, १९४८ पासून चाळीस वर्षं सलग इथेच झाली. दोन्ही बाजूंना सारखी तिकिटं, मधोमध मैदान. अलाबामाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी १९८१ मध्ये ऑबर्नला हरवून ३१५ वा विजय मिळवला आणि तेव्हाचा विक्रम मोडला तोही याच गवतावर, म्हणजे खरं तर १९७० मध्ये बसवलेल्या कृत्रिम गवतावर. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधले पायाने खेळायच्या फुटबॉलचे सामनेही इथे झाले. अमेरिका विरुद्ध अर्जेंटिना सामन्याला ८३,१८३ प्रेक्षक होते.

याच जागेची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही. १९६३ मध्ये ज्या शहरात आंदोलक मुलांवर पाण्याचे फवारे आणि पोलिसी कुत्रे सोडले गेले, त्याच शहराचं हे मैदान. १२ सप्टेंबर १९७० ला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ इथे आला. त्यांच्या सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने १३५ यार्ड धावून दोन टचडाउन केले (म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेला) आणि पूर्णपणे गोऱ्या अलाबामा संघाचा ४२-२१ असा पराभव झाला. या सामन्याने अलाबामाच्या संघाची दारं उघडली असं सर्रास सांगतात. ते तितकं सरळ नाही, कारण विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला अलाबामाने त्याआधीच घेतलं होतं, फक्त पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळता येत नसे या नियमामुळे तो त्या दिवशी बाहेर बसला होता. तरी हजारो गोऱ्या प्रेक्षकांनी डोळ्यांदेखत पाहिलेला तो पराभव होता, आणि तो घडला लीजन फील्डवर.

मग एकेक जण निघू लागला. ऑबर्नने १९८९ मध्ये आपल्या वाट्याचा आयर्न बोल आपल्या गावी नेला. अलाबामाने टस्कालूसातलं स्वतःचं स्टेडियम वाढवलं, १९९८ नंतर आयर्न बोल तिकडे नेला आणि २००३ मध्ये साउथ फ्लोरिडाविरुद्धच्या सामन्यानंतर लीजन फील्डवर पाऊल ठेवलं नाही. पाठोपाठ अभियंत्यांनी वरच्या सज्ज्याच्या मजबुतीवर शंका घेतली आणि २००५ पर्यंत तो सज्जा उतरवला. क्षमता ७१ हजारांवर आली. मोठे पाहुणे गेले आणि मागे नेमाने येणारा भाडेकरू म्हणून यूएबी उरला.

रिकाम्या बाकांचं काय करायचं

२०१३ मध्ये यूएबीच्या घरच्या सामन्यांना सरासरी साडेदहा हजारांच्या आसपास माणसं येत होती. बसायला जागा एकाहत्तर हजार. हजार पानांचा मांडव घालावा आणि दीडशे पानं उठावीत, तशी अवस्था. मध्यम आकाराच्या विद्यापीठाला दहा-पंधरा हजार प्रेक्षक हा लाजिरवाणा आकडा नाही. तेवढीच माणसं पंचवीस हजारांच्या मैदानात बसली असती तर गजर झाला असता. लीजन फील्डच्या पोकळीत तो आवाज विरून जायचा, टीव्हीच्या कॅमेऱ्यात मागे रांगच्या रांग रिकामी बाकं दिसायची आणि भरती करायला आणलेल्या शाळकरी खेळाडूला पहिली गोष्ट तीच दिसायची.

शिवाय अंतर. विद्यापीठ शहराच्या मध्यभागाला लागून दक्षिणेला, स्टेडियम पश्चिमेला काही मैलांवर. वसतिगृहातल्या मुलाला चालत जाता येत नाही. गाडी काढा नाहीतर बस धरा, असा बेत आधी ठरवावा लागतो. कॉलेजचा फुटबॉल जगतो तो सामन्याआधीच्या चार तासांवर: गाड्यांच्या मागे मांडलेल्या चुली, बँड, जुने विद्यार्थी, आपल्याच इमारतींच्या सावलीत जमलेला गोतावळा. लीजन फील्डच्या भोवती गाड्या लावायला जागा भरपूर आहे, पण तिथे यूएबीची अशी एकही भिंत नव्हती. आणि स्टेडियममधल्या खाण्यापिण्याची, जाहिरातींची, उंची दालनांची जी कमाई इतर विद्यापीठं घरी नेतात, ती भाडेकरूच्या हाती कितीशी लागणार?

यावर उपाय यूएबीने २०११ मध्ये मांडला होता: आपल्याच आवारात सुमारे ३०,००० जागांचं स्टेडियम. त्या नोव्हेंबरमध्ये विश्वस्त मंडळाने तो प्रस्ताव फेटाळला. कारण खर्चाचं दिलं आणि खर्च खरोखरच मोठा होता. पण बर्मिंगहॅमच्या लोकांनी ते कारण एकटं ऐकलं नाही. २००६ च्या अखेरीस जिम्बो फिशर यांना प्रशिक्षक नेमण्याचा यूएबीचा बेत याच मंडळाने रोखला होता. त्यामुळे टस्कालूसाला या राज्यात दुसरा संघ मोठा झालेला नको आहे, हा संशय तिथे घराघरात बोलला जात होता. मंडळाच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. परिणाम मात्र समोर होता: संघाचं घर कुठे असावं, हे संघ चालवणारी संस्था ठरवू शकत नव्हती.

शहराकडेही तेव्हा पैसा नव्हता. त्याच नोव्हेंबर २०११ मध्ये, बर्मिंगहॅम ज्या जिल्ह्यात येतं त्या जेफरसन काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली. सांडपाण्याच्या कामांसाठी काढलेलं कर्ज फिरत फिरत ४ अब्ज डॉलरच्या वर गेलं होतं आणि तोवरची ती अमेरिकेतली सर्वांत मोठी स्थानिक सरकारी दिवाळखोरी होती. त्याआधी १९९८ मध्ये घुमटाकार स्टेडियमसह मोठ्या योजनेसाठी कर वाढवायचा प्रस्ताव मतदारांनीच नाकारला होता. थोडक्यात, पंधरा-वीस वर्षं सगळ्यांना माहीत होतं की लीजन फील्ड पुरे झालं, आणि दुसरं बांधायला मात्र कोणीच पुढे येत नव्हतं.

२ डिसेंबर २०१४

२०१४ मध्ये बिल क्लार्क नावाचे नवे प्रशिक्षक आले. पहिल्याच हंगामात संघाने सहा सामने जिंकले आणि प्रेक्षक दुपटीने वाढून सरासरी २१ हजारांच्या वर गेले. २९ नोव्हेंबरला सदर्न मिसिसिपीला हरवून संघ हंगामाखेरीच्या बोल सामन्यासाठी पात्र ठरला. तीन दिवसांनी विद्यापीठाचे अध्यक्ष रे वॉट्स यांनी खेळाडूंना बोलावून सांगितलं की फुटबॉल बंद.

त्या खोलीतलं चित्रण पुढे सगळीकडे पसरलं. समोर अध्यक्ष, भोवती आडदांड शरीराची पोरं, काही रडणारी. त्यात वयाने मोठा, सैन्यात नोकरी करून आलेला एक खेळाडू उभा राहतो आणि आवाज चढवून विचारतो की लांबलांबच्या गावांहून आलेल्या या पोरांनी आता जायचं कुठे. त्याला आकडे सांगितले जातात आणि ते त्याला पटत नाहीत. बाहेर पडताना अध्यक्षांना पोलिसांच्या कड्यातून गाडीपर्यंत न्यावं लागलं.

आकडे असे होते: सल्लागारांच्या अहवालानुसार संघ स्पर्धेत टिकवायचा तर पुढच्या पाच वर्षांत ४.९ कोटी डॉलर जादा लागणार होते. क्रीडा विभागाच्या वर्षाच्या सुमारे ३ कोटींपैकी २ कोटी विद्यापीठ आधीच आपल्या खिशातून घालत होतं. मला या हिशेबात एक गोष्ट खटकते. खर्चाची बाजू धरताना पुढची पाच वर्षं धरली, उत्पन्नाची बाजू मात्र रिकाम्या बाकांच्या जुन्या दिवसांवर बेतली. ज्या संघाला स्वतःचं मैदान मिळू दिलं नाही, त्याच्यावर मैदानात माणसं येत नाहीत हा ठपका ठेवला.

पुढे जे झालं ते त्या शहराने स्वतःच्या हिमतीवर केलं. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या शुल्कातून पैसे देऊ केले, व्यापाऱ्यांनी वचनं दिली, शहराची कौन्सिल पुढे आली. १ जून २०१५ रोजी, म्हणजे बरोबर सहा महिन्यांत, त्याच अध्यक्षांनी फुटबॉल परत आणतो असं जाहीर केलं. खेळाडू पांगले होते, म्हणून दोन हंगाम संघ खेळलाच नाही. क्लार्क सामन्यांविना संघ बांधत बसले. विद्यापीठाच्या आवारात २.२५ कोटी डॉलरचं सरावकेंद्र उभं राहिलं. २ सप्टेंबर २०१७ ला संघ परतला तेव्हा लीजन फील्डवर ४५,२१२ माणसं होती, यूएबीच्या तोवरच्या इतिहासातली सर्वांत मोठी गर्दी. त्या दिवसापासून तीन हंगाम संघ घरी हरलाच नाही. २०१८ मध्ये त्यांनी आपल्या गटाचं, कॉन्फरन्स यूएसएचं, विजेतेपद मिळवलं आणि पहिला बोल सामना जिंकला.

त्या गर्दीतल्या किती जणांना बाकं जुनी वाटली असतील? माणसं तिथे आली होती कारण संघ त्यांनी स्वतः परत मिळवला होता.

कोणी किती घातले

गर्दी दिसली तसा स्टेडियमचा विषय पुन्हा वर आला. आता जागा ठरली शहराच्या मध्यभागी, कन्व्हेन्शन कॉम्प्लेक्सच्या शेजारी, आंतरराज्य महामार्गाला लागून. लीजन फील्डच्या मानाने विद्यापीठाला जवळ, तरी आवाराबाहेरच. मालकी आणि बांधणी कन्व्हेन्शन कॉम्प्लेक्सच्या प्राधिकरणाची. सुरुवातीचा अंदाज १७.५ कोटी डॉलरच्या आसपास होता आणि प्रत्यक्ष खर्च २० कोटींच्या घरात गेला. सगळ्यात मोठा वाटा प्राधिकरणाने उचलला, दर वर्षी एक कोटीच्या वर. शहराने तीस वर्षं दर वर्षी ३० लाख द्यायचे, म्हणजे एकूण ९ कोटी. काउंटीने तीस वर्षं दर वर्षी १० लाख. यूएबी आणि कंपन्या मिळून दहा वर्षं दर वर्षी ४० लाख. भाड्याच्या गाड्यांवर नवा ३ टक्के कर. आणि स्टेडियमला स्वतःचं नाव देण्यासाठी प्रोटेक्टिव्ह लाइफ ही बर्मिंगहॅमचीच विमा कंपनी पंधरा वर्षं दर वर्षी १० लाख देणार.

शहराच्या वाट्यावर मार्च २०१८ मध्ये कौन्सिलमध्ये खडाजंगी झाली. महापौर रँडल वुडफिन नुकतेच निवडून आले होते, तेही वस्त्यांच्या दुरवस्थेचा मुद्दा घेऊन. बर्मिंगहॅममध्ये ९९ वस्त्या मोजल्या जातात आणि त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी पडकी घरं, गवताने भरलेले भूखंड, दिवे नसलेले रस्ते आहेत. विरोधकांचा सवाल सरळ होता: ९ कोटी डॉलर आधी तिथे का नाही? बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं होतं की स्टेडियममुळे कर वाढेल आणि तोच पैसा वस्त्यांत घालता येईल. प्रस्ताव मंजूर झाला.

या वादात मी विरोधकांच्या जास्त जवळ आहे, पण पूर्णपणे नाही. स्टेडियमने शहर श्रीमंत होतं हा दावा अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं तपासला आहे आणि बहुतेकांना तो पोकळ आढळला आहे. लोक स्टेडियमवर जो पैसा खर्च करतात तो एरवी त्याच शहरात दुसरीकडे केला असता. वस्त्यांसाठी स्टेडियम हा युक्तिवाद म्हणून मला मान्य नाही. मात्र लीजन फील्ड चालू ठेवणंही फुकट नव्हतं. नव्वदीला टेकलेलं, शहराच्या पैशावर डागडुजी होणारं, वर्षातले बहुतेक दिवस कुलूप असलेलं एवढं अवाढव्य बांधकाम एका नियमित भाडेकरूसाठी सांभाळायचं, हाही खर्चच. तेव्हा शहराने पैसे घातले हे मी समजू शकतो. लीजन फील्डचं आणि त्याच्या भोवतीच्या ग्रेमाँटसारख्या वस्त्यांचं पुढे काय, याचा आराखडा त्याच मतदानात बांधून घ्यायला हवा होता. तो तसा बांधला गेला नाही, आणि माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महागडी चूक ती आहे.

निरोप आणि नंतर

लीजन फील्डला धड निरोपही मिळाला नाही. २०२० चा हंगाम तिथला शेवटचा म्हणून ठरलेला, नेमका तो कोव्हिडचा. प्रेक्षकांवर मर्यादा, सामने रद्द. २३ ऑक्टोबरला लुइझियानाकडून २४-२० अशी हार झाली आणि २१ सामन्यांची मालिका तुटली. त्या हंगामात पुढचे जे सामने झाले ते सगळे बाहेर, त्यामुळे तीस वर्षांच्या मुक्कामाचा शेवट त्या पराभवावर झाला. संघाने डिसेंबरमध्ये मार्शलला त्यांच्याच मैदानावर हरवून पुन्हा विजेतेपद मिळवलं.

नव्या स्टेडियममध्ये ४५ हजारांच्या वर जागा आहेत. मैदानाच्या जवळ बसता येतं, दालनं आहेत, पायी जाता येतील अशी खाण्याची ठिकाणं आहेत. २०२२ मध्ये तिथे वर्ल्ड गेम्सचा उद्घाटन सोहळा झाला. पहिल्या वर्षी यूएबीने आठ सामने जिंकून बोल सामन्यात बीवाययूसारख्या नावाजलेल्या संघाला हरवलं. मग २०२२ च्या उन्हाळ्यात पाठीच्या दुखण्यामुळे क्लार्क निवृत्त झाले. हंगामाच्या शेवटी ट्रेंट डिल्फर हे माजी व्यावसायिक क्वार्टरबॅक प्रशिक्षक म्हणून आले. २०२३ मध्ये संघ कॉन्फरन्स यूएसए सोडून ‘अमेरिकन’ नावाच्या अधिक तगड्या गटात गेला आणि चारच सामने जिंकला, २०२४ मध्ये तीन. ऑक्टोबर २०२५ मध्ये, हंगाम अर्ध्यावर असताना, डिल्फरना काढलं. नव्या स्टेडियममध्ये रिकाम्या खुर्च्या पुन्हा दिसू लागल्या.

म्हणून स्थलांतर फसलं असं मी म्हणणार नाही. अमेरिकन गटात प्रवेश मिळण्यात नव्या स्टेडियमचा हातभार नक्की होता, आणि ७१ हजारांच्या पोकळीत परत जावं असं यूएबीत कोणीही म्हणत नाही. पण संघ जिंकतो प्रशिक्षकामुळे, खेळाडू टिकवण्यामुळे, लोकांना तो आपला वाटण्यामुळे. क्लार्क यांनी ते जुन्या मैदानात करून दाखवलं होतं. आणि मालकीच्या बाबतीत यूएबी आजही भाडेकरूच आहे. शहराऐवजी आता घरमालक प्राधिकरण आहे, पत्ता चांगला आहे, विश्वस्त मंडळ तेच आहे. २०११ चा तीस हजार जागांचा, आवारातला प्रस्ताव मंजूर झाला असता तर मैदान लहान असतं, वसतिगृहातून चालत जाण्यासारखं असतं आणि विद्यापीठाचं असतं. बंदीचा २०१४ चा निर्णयही मग इतक्या सहज घेता आला नसता.

लीजन फील्ड अजून उभं आहे. तिथे ऑक्टोबरच्या शेवटी मॅजिक सिटी क्लासिक होतो: अलाबामा ए अँड एम विरुद्ध अलाबामा स्टेट, राज्यातल्या दोन ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांची लढत. या दोघांकडे आपापल्या गावी स्वतःची स्टेडियम आहेत. अलाबामा स्टेटचं तर २०१२ मध्ये बांधलेलं. तरीही हा सामना तिकडे जात नाही, कारण त्या शनिवारी येणारी माणसं दोन्हीकडे मावत नाहीत, प्रोटेक्टिव्हमध्येही मावणार नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी चूल मांडणारी कुटुंबं आहेत, बँड आहेत, मिरवणूक आहे. ज्या मैदानाच्या बाकांवर एके काळी काळ्या माणसाला वेगळं बसवत, ते आता वर्षातून एकदा त्यांच्याच गर्दीने भरतं. शहराने ९ कोटींचा एक छोटा भाग वेगळा काढून याच एका सामन्याला आणि भोवतीच्या वस्तीला केंद्रात ठेवून लीजन फील्डची दुरुस्ती ठरवावी: पश्चिमेची आणि पूर्वेची बाकं किती ठेवायची, बाकीची जमीन घरांना द्यायची की शाळांच्या मैदानांना, डागडुजीचा वार्षिक खर्च कोणत्या खात्यातून. २०२७ मध्ये मैदानाला शंभर वर्षं होतील. हा आराखडा त्याच्या आत कौन्सिलपुढे यायला हवा.